क्रेटच्या तळाचं पाणी कुणाचं? सांगलीतल्या एका चिकन केंद्राचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण सांगली-मिरज-कुपवाड पट्ट्यातल्या एका छोट्या चिकन प्रक्रिया केंद्राचं आहे. केंद्राचं, मालकाचं आणि गिऱ्हाइकांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. ओळख पटेल असे एक-दोन तपशीलही बदलले आहेत.

केंद्रात रोज हजार-बाराशे ब्रॉयलर कापले जातात. पक्षी तासगाव, कवठेमहांकाळ आणि जतकडच्या शेडमधून एका व्यापाऱ्यामार्फत येतात. लिफ्टिंग, म्हणजे शेडमधून पक्षी पकडून गाडीत भरणं, रात्री होतं, गाड्या पहाटे येतात आणि कापणी सकाळी सातला सुरू होते. पुढचा क्रम नेहमीचाच: गरम पाण्याची टाकी, पिसं काढायचं मशीन, आतडी काढणं, धुणं, बर्फाच्या पाण्याची टाकी, मग कातडी काढून तुकडे किंवा बोनलेस. माल जाळीच्या नव्हे, तर बंद तळाच्या प्लास्टिक क्रेटमधून जातो. हा तपशील आत्ता किरकोळ वाटेल, पण पुढे त्याचं काम आहे.

गिऱ्हाईक दोन तऱ्हेचं. मिरजेत दवाखान्यांमुळे बाहेरगावच्या माणसांची वर्दळ कायम असते, त्यांना डबे पुरवणाऱ्या मेस आणि वसतिगृहं हे एक. कोल्हापूर रस्त्यावरची हॉटेलं हे दुसरं. मेसला मुख्यतः रश्श्याचे तुकडे लागतात आणि थोडं बोनलेस. हॉटेलांना टिक्का-कबाबसाठी छातीचं बोनलेस लागतं. उरलेला थोडा माल केंद्र स्वतःच्या डीप फ्रीझरमध्ये गोठवून केटररला विकत असे.

अडचण

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून मिरजेच्या एका मेसवाल्या मावशींनी बिलातून पैसे कापायला सुरुवात केली. 20 किलोच्या क्रेटमागे सव्वा ते दीड किलो कमी. त्यांची पद्धत साधी होती: क्रेट परातीत उपडा करायचा, पाणी ओतून द्यायचं, मांस वजन काट्यावर टाकायचं. मालक तिशीतला, वडिलांपासूनचा व्यवहार, त्यामुळे भांडण तसं घरगुतीच झालं.

"पोरा, तुझा काटा खोटा न्हाई म्हणतोस, माझाबी खोटा न्हाई. मग कापलेली कोंबडी मधल्या मधी उडून गेली व्हय?"

"मावशी, आईशप्पथ सांगतो, आम्ही वरून थेंबभर पाणी मारत नाही."

दोघंही खरं बोलत होते, आणि प्रकरण अवघड झालं ते त्यामुळेच. केंद्राच्या दारातली वजनाची पावती बरोबर होती. मावशींची पावतीही बरोबर होती. मधला प्रवास अर्ध्या तासाचा. तेवढ्यात क्रेटच्या तळाला गुलाबी पाणी जमत होतं आणि वजन त्या पाण्यात गेलं होतं.

त्याच सुमारास एका हॉटेलच्या वस्तादाची तक्रार आली, आणि ती वजनाबद्दल नव्हतीच. दह्याचा मसाला चोळून ठेवलेले तुकडे दोन तासांत पाणी सोडतात, मसाला पातळ होऊन भांड्याच्या तळाला जातो आणि सळईवर टिक्का आक्रसून कोरडा होतो. मालकाला या दोन तक्रारींचा एकमेकींशी काही संबंध वाटला नाही. पहिली हिशेबाची, दुसरी स्वयंपाकाची. सुपरवायझर मात्र एवढं बोलून गेला की छातीचं मांस हल्ली "पांढरट आणि मऊ पडतंय", आणि तेही दहानंतर कापलेल्या मालात जास्त. तो बोलला, पण ते कुठे लिहून ठेवलं गेलं नाही.

समोर असलेले पर्याय

कारण शोधून द्यायला मालकाने मला बोलावलं, तेव्हा त्याच्या डोक्यात चार उपाय होते.

पहिला, कडता देऊन मोकळं व्हायचं. सांगलीत वाढलेल्या माणसाला बाजार समितीतला कडता ठाऊक असतोच. सरसकट 5 टक्के वजन सोडून दिलं की भांडण मिटतं. पण रोजच्या हजार किलोवर 5 टक्के म्हणजे 50 किलो. शिवाय एकाला दिलेली सूट दुपारपर्यंत सगळ्यांना कळते. आणि हॉटेलच्या टिक्क्याचं काय? त्याला कडत्याचा काही उपयोग नव्हता.

दुसरा, पाणी शोषणारे पॅड क्रेटमध्ये टाकायचे. यात पाणी दिसेनासं होतं, थांबत नाही.

तिसरा एका मसाला-रसायन विक्रेत्याने सुचवलेला: मीठ आणि फॉस्फेटच्या द्रावणात मांस घोळवायचं. फॉस्फेटने सामू (आम्लतेचं माप, पीएच; तो जितका कमी तितकं आम्ल जास्त) थोडा वर जातो आणि प्रथिनं जास्त पाणी धरतात, हे शास्त्र खरं आहे आणि प्रक्रिया केलेल्या पदार्थांत ते वापरतातही. पण मग तो माल साधं ताजं चिकन राहत नाही, ते गिऱ्हाइकाला सांगावं लागतं. ज्या मावशी आधीच "पाणी मारता" म्हणत होत्या, त्यांना हे कोण सांगणार? मालकाने हा पर्याय स्वतःच बाजूला ठेवला. तो ठेवला नसता तर मी हे काम घेतलं नसतं.

चौथा, बर्फाच्या टाकीऐवजी थंड हवेवर गार करण्याची यंत्रणा. उपाय उत्तम, खर्च केंद्राच्या ऐपतीबाहेरचा.

पाचवा पर्याय मी मांडला: आधी मोजू. कारण क्रेटमधलं पाणी एकाच ठिकाणचं असेल असं धरून सगळे बोलत होते. टाकीतून चढलेलं पाणी, मांसाने स्वतः सोडलेलं पाणी आणि गोठवलेला माल सुटताना, म्हणजे त्यातला बर्फ वितळताना, निघणारं पाणी ही तीन वेगवेगळी प्रकरणं आहेत, त्यांचे उपायही वेगळे आहेत. मालकाने एक आठवडा दिला आणि वर म्हणाला, "सर, मशीनरी सांगू नका फक्त."

कोणती मोजणी, आणि कोणती नाही

पहिला निर्णय इथेच घ्यावा लागला. मालकाच्या ओळखीच्या एकाने सुचवलं होतं की मांसाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवा, ओव्हनमध्ये वाळवून एकूण पाण्याची टक्केवारी येईल, जास्त आली की पाणी मारलंय हे सिद्ध. ऐकायला पटतं. पण गणित करून पाहा. छातीच्या 100 ग्रॅम मांसात मुळातच 74-75 ग्रॅम पाणी असतं. समजा त्यात बाहेरून 3 ग्रॅम शिरलं. आता 103 ग्रॅममध्ये 78 ग्रॅम पाणी, म्हणजे पावणेशहात्तर टक्क्यांच्या आसपास. पंचाहत्तरचे पावणेशहात्तर. एवढा फरक दोन पक्ष्यांमध्ये नैसर्गिकही असू शकतो. म्हणून युरोपात बाहेरचं पाणी पकडायला नुसती पाण्याची टक्केवारी बघत नाहीत, पाणी आणि प्रथिन यांचं गुणोत्तर बघतात. कातडी काढलेल्या कोंबडीच्या छातीसाठी तिथली मर्यादा 3.40 आहे. पण तीही कसोटी भेसळ पकडायची. मांस पाणी का सोडतं, हे ती सांगत नाही.

आम्हाला हवं होतं ते ड्रिप लॉस, म्हणजे मांस नुसतं लटकवून ठेवलं तर स्वतःच्या वजनातलं किती पाणी गळू देतं. यासाठी पिशवीची पद्धत सगळ्यात स्वस्त आणि सरळ आहे. जर्मन संशोधक होनिकेल यांनी 1998 मध्ये मांसाच्या मोजण्यांच्या संदर्भपद्धती मांडल्या, त्यात ही आहे. साधारण 100 ग्रॅमचा तुकडा घ्यायचा, वजन करायचं, आकड्याला किंवा दोऱ्याला अडकवून फुगवलेल्या पिशवीत असा टांगायचा की तो पिशवीला कुठेही टेकणार नाही. 4 अंश सेल्सिअसच्या आसपास 24 किंवा 48 तास ठेवायचा आणि पुन्हा वजन करायचं. सुरुवातीच्या वजनातून शेवटचं वजा, भागिले सुरुवातीचं, गुणिले 100. फिल्टर पेपरमध्ये दाबून पाण्याचा डाग मोजण्याची ग्राऊ आणि हाम यांची पद्धत 1953 पासून आहे आणि ती मिनिटांत होते, पण तिच्यात दाब आणि डागाची कड यांवर हाताचा फरक फार पडतो. केंद्रातल्या मुलांना रोज करता येईल अशी पद्धत हवी होती, म्हणून पिशवी.

सामान जमवलं ते असं. क्रेटचा काटा 10 ग्रॅमच्या पायरीने चालतो. त्यावर तुकड्यातून गळलेलं 2 ग्रॅम पाणी दिसणारच नाही. म्हणून 0.01 ग्रॅम दाखवणारा, सराफ वापरतात तसला काटा आणला. टोकदार कांडीचा पीएच मीटर, तो रोज 4 आणि 7 च्या बफरमध्ये (सामू आधीच ठाऊक असलेल्या द्रावणात) तपासायचा, आणि दर काही नमुन्यांनंतर कांडीवरची चरबी पुसायची. खुपसायचा थर्मामीटर. आणि फ्रिज असा की जो दिवसभर उघडझाप होत नाही. शेवटी कार्यालयातला पाण्याच्या बाटल्यांचा फ्रिज रिकामा केला आणि त्याला कुलूप लावलं. कर्मचाऱ्यांची त्यावर नाराजी होती.

बारीक गोष्टी दोन. तुकडा दर वेळी छातीच्या त्याच जागेवरून, जाड भागातून, तंतूंच्या दिशेत घ्यायचा. आणि दुसऱ्या वजनाआधी तुकडा टिपकागदावर हलका टेकवायचा, दाबायचा नाही. सुरुवातीला एक मुलगा सवयीने प्रत्येक तुकडा फडक्यात पिळल्यासारखा पुसत होता आणि त्याचे सगळे आकडे इतरांपेक्षा वर येत होते. ते लक्षात आल्यावर पुसायचं काम एकाच माणसाकडे दिलं.

आता टाकीचं पाणी आणि मांसाचं पाणी वेगळं कसं काढायचं? काही पक्ष्यांच्या पायांना नंबरचे टॅग बांधले. निम्मे नेहमीसारखे टाकीत सोडले. उरलेले जाड पिशवीत घालून, हवा काढून, तोंड घट्ट बांधून त्याच टाकीत सोडले. दोन्ही गार झाले, पण पिशवीतल्यांना टाकीच्या पाण्याचा स्पर्श नाही. पिशवीमुळे गार व्हायला थोडा जास्त वेळ लागतो हे खरं, म्हणून त्यांचं आतलं तापमान वेगळं लिहिलं. पिशवीतल्या पक्ष्याच्या छातीतून जे गळेल ते फक्त त्याचं स्वतःचं.

आकडे काय म्हणाले

आधी टाकी. बिनपिशवीचे पक्षी टाकीतून निघाले तेव्हा त्यांचं वजन सरासरी साडेसहा टक्के वाढलेलं होतं. पाण्यात गार करताना वजन वाढतंच, ते कातडीखाली आणि पोटाच्या पोकळीत साठतं. युरोपच्या नियमांतही गोठवलेल्या पूर्ण पक्ष्यातून सुटताना निघणाऱ्या पाण्याची मर्यादा हवेवर गार केलेल्यासाठी 1.5 टक्के आणि पाण्यात गार केलेल्यासाठी 5.1 टक्के, अशी वेगवेगळी ठेवलेली आहे. प्रश्न होता ते पाणी निथळू देण्याचा. मान खाली करून 20 मिनिटं लटकवलेल्या आणि मग कातडी काढलेल्या पक्ष्यांत त्यातलं निम्म्याहून जास्त निघून गेलं. पण सकाळी साडेआठला गाडी लागली की लटकवायला कुणाला वेळ? पक्षी टाकीतून थेट पाटावर, पाटावरून क्रेटमध्ये. शिवाय नाश्त्याच्या सुट्टीत टाकी तशीच भरलेली राहायची. त्या वेळी टाकीत असलेले पक्षी तासाभराहून जास्त डुंबत, आणि त्यांची वाढ सगळ्यांत जास्त होती.

म्हणजे "वरून पाणी मारत नाही" हे खरं होतं, आणि पाणी विकलं जात होतं हेही खरं होतं. मालकाला हे ऐकणं जड गेलं. दोन मिनिटं गप्प बसून तो म्हणाला, "म्हणजे मावशी बरोबर."

पण निम्म्याच बरोबर. बोनलेसची गोष्ट निराळी निघाली. पहाटे आलेल्या आणि सातच्या सुमारास कापलेल्या लॉटमध्ये छातीचा 24 तासांचा ड्रिप लॉस 2 टक्क्यांच्या जवळपास होता. दहानंतर कापलेल्या लॉटमध्ये तो 5 च्या आसपास. एक नमुना डोळ्यांसमोर आहे: सुरुवातीला 102.40 ग्रॅम, दुसऱ्या दिवशी 97.28 ग्रॅम, म्हणजे बरोबर 5 टक्के. आणि हा नमुना पिशवीत बांधून गार केलेल्या पक्ष्याचा होता. टाकीच्या पाण्याचा त्याला स्पर्शच नव्हता. पिशवीतले आणि बिनपिशवीचे यांच्या छातीच्या ड्रिपमधला फरक फार तर अर्धा-पाऊण टक्का. सातचा लॉट आणि दहानंतरचा लॉट यांच्यातला फरक मात्र दुपटीहून जास्त.

सामूने कोडं सोडवलं. जिवंत स्नायूचा सामू 7.2 च्या आसपास असतो. पक्षी मेल्यावर स्नायूतलं ग्लायकोजेन (साठवलेली साखर) वापरलं जाऊन लॅक्टिक आम्ल तयार होतं आणि सामू हळूहळू उतरत छातीत 5.7 ते 5.9 च्या आसपास थांबतो. उतरणं अपेक्षितच आहे. घात होतो तो फार लवकर उतरला तर. आमच्या सकाळच्या लॉटमध्ये कापल्यानंतर 15 मिनिटांनी सामू 6.3 ते 6.5 दरम्यान होता. उशिराच्या लॉटमध्ये बऱ्याच पक्ष्यांत तो तेवढ्याच वेळात 6 च्या खाली गेलेला, आणि तेव्हा मांसाचं तापमान अजून 40 अंशांच्या घरात. तापत्या दुधात ताक पडलं की ते फाटतं. इथे आम्ल आणि ऊब अशीच एकत्र आल्यामुळे स्नायूची प्रथिनं बिघडतात. त्यांची पाणी धरायची जागा आवळते, आणि तंतूंमधलं पाणी बाहेर यायला लागतं. मांस फिकं, मऊ आणि पाणी सोडणारं होतं. सुपरवायझर जे "पांढरट आणि मऊ" म्हणाला होता, ते हेच. वस्तादाचा मसाला घसरत होता तोही याच कारणाने.

सामू लवकर का उतरतो? अंगणात जाऊन उभं राहिलं की दिसत होतं. गाड्या पहाटे चारपर्यंत येऊन थांबायच्या. शेवटच्या गाडीची पाळी दहा-साडेदहाला. एप्रिलमध्ये सांगलीचा पारा दुपारी 38-40 पर्यंत जातो, नऊलाच ऊन चटके देतं. क्रेटवर क्रेट रचलेले, मधल्या रांगांना वारा नाही. मधल्या क्रेटमध्ये टांगलेला थर्मामीटर बाहेरच्यापेक्षा वर होता. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात. ती धापा टाकून अंग गार करते, आणि तिचं शरीर मुळातच 41-42 अंशांचं. चोच उघडी, पंख फाकलेले, मान लांब केलेली, अशी पाच-सहा तास बसलेली कोंबडी कापली की तिचा स्नायू आधीच तापलेला आणि दमलेला असतो. मरतुक वाढलेली नव्हती, म्हणून कुणाला काही बिघडल्यासारखं वाटलं नाही. गाडीचालकाच्या दृष्टीने सगळे पक्षी जिवंत पोचले होते, त्याचं काम चोख होतं.

थोडक्यात, रश्श्याच्या तुकड्यांच्या क्रेटमध्ये साचत होतं ते मुख्यतः टाकीचं पाणी, आणि बोनलेसच्या क्रेटमध्ये मुख्यतः कोंबडीचं. मावशी दोन्ही एकाच परातीत ओतत होत्या.

काय केलं

आता पुढचा निर्णय: आधी काय दुरुस्त करायचं? मालकाचा कल टाकीकडे होता, कारण टाकी त्याच्या हातात होती. गाड्यांच्या वेळा व्यापाऱ्याच्या हातात.

टाकीचं काम लगेच झालं. नाश्त्याच्या आधी टाकी रिकामी करायची, मगच सुट्टी. बर्फ शेवटी एकदम न टाकता सुरुवातीपासून थोडा थोडा, कारण उशिराचे पक्षी आधीच गढूळ आणि कोमट झालेल्या पाण्यात पडत होते. लटकवायला पाइपची एक रांग बसवली. बंद तळाच्या क्रेटमध्ये जाळीचा उचलता येणारा तळ टाकला, म्हणजे मांस सुटलेल्या पाण्यात बसणार नाही.

एका कामगाराने सुचवलं की टाकीतला वेळच निम्मा करा, पाणी कमी चढेल. हिशेबाने बरोबर, पण ते मान्य केलं नाही. टाकीचं पहिलं काम मांस लवकर 4 अंशांपर्यंत आणण्याचं आहे. उबदार मांस क्रेटमध्ये भरून मिरजेला पाठवणं म्हणजे एक टक्का वजनासाठी जंतूंना आमंत्रण. शिवाय मांस उबदार राहिलं की प्रथिनांचं नुकसान वाढतं, म्हणजे ड्रिपही वाढणार. टाकीतून बाहेर काढायचं ते घड्याळ बघून नाही, छातीच्या जाड भागात थर्मामीटर खुपसून.

गाड्यांचं प्रकरण लांबलं. व्यापाऱ्याचं म्हणणं, लिफ्टिंगची टोळी एकच, रात्रीत तीन शेड करायचे, क्रेट सकाळी रिकामे मिळाले पाहिजेत. तीन तोडगे चर्चेत होते. कापणी पहाटे चारला सुरू करणं: मजूर तयार नव्हते, आणि जे होते त्यांना रात्रीचा भत्ता हवा होता. गाड्या दोन टप्प्यांत आणणं: व्यापारी नाही म्हणाला, मग सगळ्या नाही तरी शेवटची गाडी उशिरा भरायला तयार झाला. आणि अंगणात सावली-वारा करणं: हे आपल्या हातातलं. शेवटी तिन्हींचं थोडं थोडं झालं. कापणी साडेपाचला आली. शेवटची गाडी उशिरा निघू लागली. अंगणात शेडनेट टाकून दोन्ही बाजूंनी मोठे पंखे लावले, आणि क्रेटच्या रांगांमध्ये हातभर अंतर सोडायला सांगितलं. उन्हाळ्यात एका क्रेटमध्ये दोन पक्षी कमी भरायचे, याला व्यापाऱ्याने खळखळ केली पण मानलं.

पंख्यांबरोबर फॉगर (पाण्याचे बारीक तुषार उडवणारे नळ) बसवावेत का, यावर बरीच चर्चा झाली. एप्रिलच्या कोरड्या हवेत फॉगर चांगला चालतो. पावसाळ्यात हवाच ओली असते, तेव्हा फॉगर उलटा त्रास देतो, कारण धापेतून अंग गार व्हायला बाहेरची हवा कोरडी लागते. म्हणून फॉगर बसवले, पण त्यांचा खटका वेगळा ठेवला आणि जून ते सप्टेंबर बंद.

मावशींशी व्यवहार नव्याने ठरला. वजन क्रेट उपडा करून नाही, तर जाळीवर दहा मिनिटं निथळल्यावर, आणि ते दोघांच्या माणसांसमोर. 2 टक्क्यांपर्यंतची घट गिऱ्हाइकाची, त्यापुढची केंद्राची. ही बोलणी चालू असतानाच कळलं की त्यांचा फ्रिज दुपारी 9-10 अंशांवर असतो, दर पाच मिनिटांनी कुणीतरी उघडतं. ड्रिप तापमानाने वाढतो, तेव्हा काही घट त्यांच्या दारातही होत होती. हे मावशींना सांगायची जबाबदारी मालकाने माझ्यावर टाकली. त्या म्हणाल्या, "मग आधी का न्हाई बोलला?" आणि फ्रिजचं रबर बदललं.

निष्पत्ती

मे महिना संपेपर्यंत उशिराच्या लॉटचा ड्रिप लॉस 3 टक्क्यांच्या आत आला. 2 पर्यंत काही आला नाही. जतकडची गाडी आली त्या दिवशी तो अजूनही वर जायचा. लांबचा रस्ता आणि रात्रभर क्रेटमध्ये बसणं, त्याला पंखे किती पुरणार? तिथे एक व्यवहारी तोड निघाली. त्या गाडीच्या चार-पाच पक्ष्यांचा 15 मिनिटांचा सामू बघायचा. 6 च्या खाली असेल तर त्या लॉटची छाती टिक्क्याला द्यायची नाही, रश्श्याच्या तुकड्यांत घालायची. रश्श्यात सुटलेलं पाणी पातेल्यातच राहतं, चवीचं नुकसान होत नाही. हॉटेलचा वस्ताद दोन आठवड्यांनी फोन करून म्हणाला, माल बदलला का? मालकाने हो म्हणून सांगितलं, जास्त खोलात गेला नाही.

मावशींची कापाकापी थांबली. सुरुवातीला त्या प्रत्येक क्रेट जाळीवर ठेवून घड्याळ लावून बसत, आता आठवड्यातून एखादा बघतात. दारातलं विक्रीचं वजन मात्र कमी झालं, कारण निथळून गेलेलं पाणी आता विकलं जात नाही. मालकाला हे आधीच सांगितलं होतं, तरी महिन्याचा हिशेब बघून तो खट्टू झालाच. दर किलोमागे थोडा वाढवला. दोन खानावळी गेल्या, एक हॉटेल वाढलं.

गोठवलेल्या मालाचं काही सुधारलं नाही. मोठ्या पिशव्या भरून डीप फ्रीझरमध्ये एकमेकींवर रचल्या की मांस गोठायला दीड-दोन दिवस लागतात. हळू गोठलं की बर्फाचे खडे मोठे होतात, तंतू फाटतात, आणि सुटताना पाणी धो धो निघतं. पातळ थरात, ट्रेवर पसरून गोठवलं तर फरक पडतो, पण तेवढी जागा नव्हती. मालकाने गोठवलेला माल विकणंच बंद केलं. मला तो निर्णय बरोबर वाटला.

वेगळं काय करता आलं असतं

सुपरवायझरचं "पांढरट पडतंय" हे वाक्य पहिल्याच आठवड्यात वहीत लॉट आणि वेळेसह उतरलं असतं, तर गाड्यांकडे लक्ष आधी गेलं असतं. डोळ्याने रंग बघणारा माणूस केंद्रात होता, त्याचं बघणं कुठे नोंदत नव्हतं इतकंच. रंग मोजायचं यंत्र महाग आहे, पण पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर, त्याच ट्यूबखाली छाती ठेवून फोटो काढून ठेवायला काही खर्च नव्हता.

गाडी फाटकात शिरल्याची वेळ आणि कापणीची वेळ पावतीवर असायला हवी होती. व्यापाऱ्याशी बोलताना "गाडी सहा तास उभी होती" हे सिद्ध करायला सुरक्षारक्षकाची वही शोधावी लागली, आणि ती अर्धी पावसात भिजलेली होती.

मोजणी फक्त छातीची झाली. तंगडीच्या मांसाचा सामू मुळात जास्त असतो, ते पाणी बऱ्यापैकी धरतं, म्हणून वेळ वाचवायला ते सोडलं. पण रश्श्याच्या क्रेटमध्ये तंगडीच जास्त असते. तिथलं उरलेलं पाणी सगळं टाकीचंच, असं आम्ही धरलं आहे. मोजून दाखवलेलं नाही. तसंच शिजवल्यानंतरची घट. पाण्यात बुडवलेल्या पिशवीत तुकडा आतून 75 अंशांपर्यंत शिजवून वजन करायचं, ही मोजणी सोपी आहे आणि हॉटेलच्या तक्रारीला थेट लागू पडते. ती मोजून वस्तादाच्या हातात दिली असती तर "माल बदलला का" हा प्रश्न आला नसता.

2 टक्क्यांची मर्यादा एप्रिल-मेच्या आकड्यांवर ठरली. थंडीत सकाळच्या लॉटचा ड्रिप त्याहून कमी येईल, तेव्हा मावशी ती खाली आणा म्हणतील, आणि मालकाला पुन्हा पिशव्या टांगाव्या लागतील. पंख्यांचं वीजबिल व्यापाऱ्याने निम्मं उचलावं, ही मागणी अजून तशीच आहे.